हिवाळ्याच्या पाण्याला विचारलं

तापीला माय म्हणणाऱ्या माणसांशी माझं फारसं पटत नाही. म्हणोत बापडे. ओटी भरोत, दिवे सोडोत, आषाढात तिच्या जन्मदिवसाला तिला साडी नेसवोत. मीही हे सगळं केलं आहे. पण माय म्हटलं की माणूस सुटतो. तिनं दिलं, तिनं नेलं, आपण हात जोडायचे. आमच्या बाबतीत तिनं आपण होऊन काही नेलं नाही. आम्ही तिला न्यायला लावलं, आणि त्यात माझे हातही होते आणि माझी जीभही. तेच सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव बऱ्हाणपूरच्या खाली, तापीच्या उत्तर थडीला. नऊ घरांचे केळीचे मळे नदीला लागून. बरोबर समोरच्या थडीला जिजीचं सासर. जिजी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आम्हाला भाऊ नव्हता, दोघीच. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला आलं की ती लुगडं खोचून चालत माहेरी यायची आणि सांजच्या स्वयंपाकाला परत जायची. तिच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेलं लुगडं आमच्या मळ्यातून दिसायचं. आमची आई, तिलाही आम्ही मायच म्हणायचो, रोज सकाळी हाताचा आडोसा करून तिकडे बघायची, लुगडं दिसलं की म्हणायची, उठली माझी पोरगी. मग कामाला लागायची.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. सातवी पास. माझं लग्न ठरून मोडलं होतं, आणि ते माझ्या जिभेमुळे मोडलं असं भावकीतल्या काकू उघड म्हणायच्या. खोटं नव्हतं. घरात लिहिणं-वाचणं मला एकटीला येई, म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मला मुलासारखं वागवायचे. कुठे जायचं, काय करायचं, मला विचारल्याशिवाय ठरत नसे. त्याचा मला फार तोरा होता.

आमच्या मळ्यांच्या आणि नदीच्या धारेच्या मधे एक लांबच लांब पाणथळ होती. लव्हाळा, पाणकणीस, आणि शेरणीची बुटकी झुडपं. पूर आला की शेरणी आडवी व्हायची, पाणी वरून जायचं, पूर ओसरला की पुन्हा उभी. त्या जागेचा आम्हाला नुसता राग. डास तिथले, साप तिथले, रानडुकरं तिथून यायची. दर पावसाळ्यात घरात कुणी ना कुणी हिवतापानं कुडकुडत असायचं. त्या वर्षांत केळीला बरे दिवस आले होते, आणि नऊ घरांनी ठरवलं, एवढी काळीभोर मळईची जमीन डासांना कशाला द्यायची? दोन उन्हाळे आम्ही ती तोडली. जाळली, मुळं खणून काढली. मी स्वतः कुदळ घेऊन होते. मग तिथे केळी लावली, आणि पहिल्या वर्षी असे घड आले की फोपनारचे पाहुणे, ज्यांना स्वतःच्या केळीपुढे जगात काही दिसत नाही, तेसुद्धा गाडी जुंपून बघायला आले.

दुसऱ्या पावसाळ्यापासून काठ ढासळायला लागला. दुपारी जेवताना धप्प असा आवाज यायचा आणि आबांचा घास हातात राहायचा. जाऊन बघावं तर घडासकट उभीच्या उभी केळी पाण्यात निघालेली. तिसऱ्या पावसाळ्यात पाणथळीवर लावलेली सगळी केळी गेली, आणि मग नदीनं जुन्या मळ्याला तोंड लावलं. आबांनी काठापासून आमच्या विहिरीपर्यंत पाच-पाच पावलांवर खुंट्या ठोकल्या होत्या. रोज सकाळी दातवण चघळत जाऊन मोजायचे. विहीर गेली की मळा गेला, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. पाणथळ तोडली म्हणून हे झालं, हे मात्र तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. मनात आलं असेल. माझ्या आलं होतं.

अर्ज मी लिहिले. काठाला दगड बसवून द्या, एवढीच मागणी. पहिला अर्ज मराठीत लिहिला, तो नागपूरला गेला असं कळलं. पुढे राज्यं इकडची तिकडे झाली, आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली, आणि कचेरीतले आमच्या ओळखीचे कारकून आपापल्या मुलखात निघून गेले. नव्या कारकुनानं आम्हाला बसायला बाक दिला, चहा पाजला, अर्ज हिंदीत आणा म्हणाला. मी हिंदीत लिहिला. मग म्हणाला, जुने कागद पेट्यांमधून निघालेत, ते पोचले की तुमचा अर्ज त्याला जोडू. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही हातात काही नसावं. पण मी तिसऱ्या खेपेला त्याला म्हटलं, पेट्या येईपर्यंत नदी थांबणार आहे, एवढं मला कागदावर लिहून द्या. आबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. वाटेत ते एकदाच बोलले, की आता आपलं आपण करायचं.

आपलं आपण म्हणजे धार वळवायचा बांध. काठाला धरून नाही, काठापासून तिरपा पाण्यात घुसवलेला. बांबूचे खुंट दोन रांगांत ठोकायचे, मधे बाभळीच्या काटेरी फांद्या दाबायच्या, वर वाळूची पोती. धार येऊन त्याच्यावर आपटते आणि दुसरीकडे वळते, मागे गाळ साचतो. बांबू डोईफोडियाहून आले, जंगलाच्या काठाकडून, बैलगाड्यांनी. नऊ घरांतली सगळी माणसं पाण्यात उतरली. मार्गशीर्षातलं पाणी, हाडं गोठवणारं.

खुंटांची रांग धारेत अर्ध्यावर गेली तेव्हा आबा थांबले. म्हणाले, वळलेलं पाणी जाणार कुठं? समोर आपली पोरगी आहे.

त्यावर आम्हा केळीवाल्यांची एक जुनी रीत होती. पाणी कुठं नेऊन लावेल ते बघायचं तर केळीचा खांब सोडायचा. खांब हलका, बुडत नाही, वाऱ्यानं भलतीकडे जात नाही, धार नेईल तिथेच जातो. उन्हाळ्यात पायउताराची जागा शोधायला, वाहून गेलेलं जनावर कुठे लागलं असेल ते बघायला आमची माणसं असंच करायची. आबांनी तीन खांब तोडून आणले. एकेक करून बांधाच्या टोकाशी सोडले, आणि मी काठाकाठानं त्यांच्याबरोबर धावले. तिन्ही खांब जिजीच्या गावाच्या खूप खाली, बोरी-बाभळींच्या ओसाड रानाला जाऊन लागले. तिन्ही. मी धापा टाकत परत आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जिजीच्या घराला काही होत नाही. आबांनी पाण्यात उभ्या उभ्या हात जोडले.

काठावर म्हातारा भोई बसला होता. पावसाळ्यात तोच डोंगा घालून माणसं पलीकडे न्यायचा. तो म्हणाला, "पोरी, हिवाळ्याच्या पाण्याला इचारून पावसाळ्याचं उत्तर मिळत नाही. पुराचं पाणी वळणं घेत नाही, सरळ जाते."

मी त्याला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही डोंगा हाका. बांधाचं आम्ही बघतो." लोक हसले. तोही हसला बिचारा, आणि उठून गेला. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला विचारलं असतं की म्हातारा बरोबर तर नाही ना, तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. त्यांना माझ्यावर भरवसा होता.

पावसाळ्यात बांध टिकला. खुंट हलले, कुरकुरले, पण टिकले. आमच्या काठाचं ढेकूळसुद्धा पडलं नाही. बांधामागे पुरुषभर गाळ साचला. पोळ्याला नऊ घरांनी मिळून मांडे केले, आणि मला पाटावर बसवून वाढलं, काय तर म्हणे पोरीनं धावून बघितलं म्हणून झालं. मी खाल्ले. आज ती आठवण आली तरी तोंड कडू होतं.

दुसऱ्याच सकाळी माय मळ्यातून घाईनं घरी आली. म्हणाली, पोरीचं लुगडं आज घराच्या दुसऱ्या अंगाला का वाळतंय? मी जाऊन बघितलं. दोरी होती ते अंगण एका रात्रीत गेलं होतं. पुढचा गोठा नव्हता, कडुनिंब नव्हता. समोरच्या थडीचा काठ करवतीनं कापल्यासारखा उभा दिसत होता, आणि जिजीचं घर त्याच्या अगदी कडेला.   

जिजी आखाजीला आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण, माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. जिजीनं झोक्याला हात लावला नाही. दोन्ही पोरं मायच्या हवाली केली आणि ओसरीवर आबांच्या समोर खाली बसली. म्हणाली, "आबा, बांध काढा. पुढच्या पावसाळ्यात माझं घर जाते."

आबांच्या आधी मी बोलले. हो, मीच. मी म्हणाले, तुम्हीबी तिकडं बांध घाला की, बांबू मी आणून देते. जिजीनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. ती माझ्यासारखी नव्हती, तिचा आवाज कधी चढत नसे. म्हणाली, "मंग पाणी तुमच्याकडं येईन. मंग तुम्ही आणखी लांब घालसान. आपण दोघी बहिणी नदीला एकमेकींच्या घरावर सोडत बसू काय?"

मी उठून आत पाणी आणायला गेले. 

आबांनी नऊ घरांना बोलावलं. सगळे ऐकून घेत होते, मान हलवत होते, पोरगी सगळ्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेली होती. पण बांध नऊ घरांचा. एकाच्या लेकीसाठी आठांनी आपले मळे नदीत कसे सोडायचे? कुणी रागानं बोललं नाही, हीच मोठी अडचण. आबा शेवटी म्हणाले, माझा नववा हिस्सा मी काढतो. आता बांधाचा नववा हिस्सा काढता येतो का? पण दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन निघाले, आणि मागून आम्ही दोघी बहिणी.

जाऊन बघतो तर बांध दिसेना. गाळानं तो गिळला होता. खुंटांची नुसती टोकं वर, आणि त्यांच्याभोवती लव्हाळा उगवलेला, दाट, हिरवागार. जो आम्ही दोन उन्हाळे खपून मुळासकट उपटला होता, तो आपल्या पायानं परत आला होता आणि आता खुंट आवळून बसला होता. आबा खणायचे, खड्ड्यात पाणी भरायचं, बाजूचा गाळ आत सरकायचा. एक खुंट काढायला दिवस जायचा. तिसऱ्या दिवशी आठ घरांतले दोघं आपापली फावडी घेऊन आले आणि खणायला लागले. जिजीचे यजमान, आमचे पाव्हणे, पलीकडून यायचे. जावई माणूस सासऱ्याच्या शेजारी चिखलात उभा राहून खणतोय आणि सासरा त्याच्याकडे मान वर करून बघत नाही, असे ते दिवस. जिजीच्या हातांना फोड आले, ते फुटले, तिनं चिंध्या बांधल्या. मी तिला म्हटलं, तू बस. ती म्हणाली, बसून काय करू?

महिनाभरात बाहेरचं टोक तेवढं सुटलं. तेव्हा तो भोई आला. बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, आता टोक काढून काही होत नाही, धारेनं तिकडं खोल रस्ता धरला आहे, सगळा बांध काढला तरी ती आता तिकडूनच जाईल. या वेळी मी त्याला उलटून बोलले नाही. आबांनी फावडं टाकलं नाही. पाऊस पडायला लागला तरी खणत होते. मायनं जाऊन त्यांना हाताला धरून घरी आणलं.

घर गेलं ते भर दुपारी. दोन दिवस आधीपासून पाव्हण्यांनी सामान काढायला घेतलं होतं, त्यामुळे माणसं आणि जनावरं वाचली. आम्ही आमच्या काठावर उभे. मधे नुसतं तांबडं पाणी, एवढं की पलीकडचं माणूस बोटाएवढं दिसावं. आधी नदीकडची भिंत गेली. मग छप्पर थोडं वाकलं, तसंच काही वेळ थांबलं, मला वाटलं थांबेल. थांबलं नाही. आवाजसुद्धा आमच्यापर्यंत आला नाही. माय पाठ फिरवून उभी होती आणि मला विचारत होती, गेलं का? गेलं का? मी म्हटलं, गेलं. जिजी वरच्या शेताच्या बांधावर पोरांना धरून उभी होती. मी जिजी, जिजी म्हणून ओरडले, घसा फाटेपर्यंत ओरडले. तिला काय ऐकू जाणार? तिनं आमच्याकडे तोंड केलं, एवढं दिसलं. मग पोरांना घेऊन चालायला लागली. माझ्या शेजारी आबा होते आणि आमच्या पायाखालचा काठ अगदी घट्ट होता.

जिजीच्या घरचे खकनारकडे गेले. तिथे एका ओळखीच्याच्या शेतावर झोपडी घातली, पाव्हणे दुसऱ्याच्या औताला लागले. ज्या घरात चार गडी कामाला होते त्या घरचा माणूस.

आणि इकडे पाणी उतरलं तेव्हा आमच्या बांधामागे नवी जमीन वर आलेली. दोन्ही थड्यांचा जुना नियम होता, धार सरकेल तशी जमीन. ज्याच्या काठाला गाळ लागला, त्याचा. कुणी भांडायचं नाही. त्या नियमानं आमच्या मळ्यापुढची जमीन आमच्या घराची. काळी, लोण्यासारखी माती, पाय घातला की घोट्यापर्यंत जाई. आबा तिच्यात पाय घालत नसत.

दिवाळीनंतर ते मला घेऊन खकनारला गेले. जिजीनं झोपडीपुढे घोंगडी टाकली, पाणी दिलं. आबा म्हणाले, नवी जमीन तिच्या आणि पाव्हण्यांच्या नावानं करून द्यायची त्यांची तयारी आहे. खरं सांगते, मला वाटलं आता सुटलो. आता जिजी रडेल, आबा रडतील, आणि सगळं धुऊन निघेल.

जिजी रडली नाही. म्हणाली, "आबा, ती माझीच माती आहे. माझीच माती मले देऊन तुम्ही मोकळे होऊ नका."

पाव्हण्यांनी तिला गप्प केलं नाही. आबा उठले, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसले. 

जमीन पडीक ठेवायची असं आबांच्या मनात होतं. माय म्हणाली, पडीक ठेवून कुणाचं पोट भरतं? मग गहू टाकला. नांगर नको, खत नको, पाणी नको, ओलीवरच आला. असा गहू मी पुन्हा बघितला नाही. मळणी झाली तेव्हा मायनं एक पोतं बाजूला काढलं आणि मला म्हणाली, जिजीला नेऊन दे. आबा गाडीपर्यंत आले, जुवाला हात लावून उभे राहिले, आणि परत फिरले. मी एकटीच गेले.

वाटभर मी ठरवत होते, तिनं परत पाठवलं तर काय म्हणायचं. माफी मागायची तर कुठून सुरुवात करायची. केळीच्या खांबांपासून की पाणथळीपासून? झोपडीशी पोचले तर जिजी दळत बसली होती, जात्यात ज्वारी होती, तीही थोडीच. पोरं वाळून काडी झाली होती. मी पोतं उतरवलं. 

जिजीनं पोत्याचं तोंड सोडलं. आत हात घातला, मूठभर गहू काढला, तळहातावर पसरून बघितला. दोन दाणे तोंडात टाकून फोडले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, कुठला आहे? मी सांगितलं.

तिनं हातातला गहू जात्यात घातला.

"आमच्या मातीत गहू असाच येते," ती म्हणाली, आणि खुंटा धरून दळायला लागली.